पहिल्या दिवसाचा उजेड

आत्तीला मी पहिल्यांदा खुर्चीवर बसवलं तेव्हा ती अगदी पुढच्या कडेवर टेकली, कुणी हाक मारली तर लगेच उठता यावं अशी.

“मागं रेलून बस की गं,” मी म्हटलं.

“मी बसतो हितंच. मोडली-बिडली तर मगदुमाच्या वैनीला काय सांगू?”

आमच्याकडच्या जुन्या बायका ‘मी बसतो, मी येतो’ असंच बोलतात. खुर्ची शेजारच्या मगदुमांची होती, लोखंडी, घडीची. ती मोडायला हत्ती बसायला हवा होता, आणि आत्ती तर नुसती काडी. पण आमच्या घरात खुर्ची कधी नव्हतीच, आणि आत्तीला बसायचीच सवय नव्हती. इचलकरंजीत यंत्रमागाच्या एका शेडमध्ये ती सुताच्या कांड्या भरायच्या मशीनवर होती. सकाळी सात ते साडेतीन उभी. घरी आली की धुणं, पाणी, भाकऱ्या. जेवतानासुद्धा एक गुडघा वर करून बसायची, मधेच कुणाला काही लागलं तर उठायला बरं.

मी तिचे खांदे धरून तिला मागं सरकवलं, हनुवटी जराशी वळवली, डोक्यावरचा पदर कानामागं घेतला. वरच्या खिडकीतनं उजेड तिच्या डाव्या गालावर पडला आणि मी बघतच राहिले. गालाच्या हाडाखाली केवढा खळगा होता तिच्या. पंधरा वर्षं मी त्या बाईच्या हातचं खाल्लं, आणि तो खळगा त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

गोष्ट सत्त्याऐंशी सालची. मी कोल्हापूरला एका कलाविद्यालयात शिकत होते, रोज एसटीनं जाऊन-येऊन. दादा, म्हणजे माझे वडील, मागाच्या कारखान्यात जॉबर होते; बिघडलेले माग दुरुस्त करायचे. माझ्या चित्रकलेला त्यांचा विरोध नव्हता, पण झालं एवढं बास, असं त्यांचं मत होतं. हुपरीचं एक स्थळ त्यांनी हेरून ठेवलं होतं. मुलगा चांदीकाम करणारा, घरचं बरं. उन्हाळ्यात बार उडवून टाकायचा त्यांचा बेत होता. मला मात्र मुंबईला जाऊन पुढचा डिप्लोमा करायचा होता. घरात रोज धुसफूस चालायची. मी तोंडाची फटकळ, दादा तापट, आणि दोघांच्या मधे आत्ती.

शेवटी तोडगा तिनंच काढला. मार्चमध्ये आमच्या विद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन असायचं. त्यात हेड स्टडीचा एक विभाग होता. समोर माणूस बसवायचा आणि नुसत्या पेन्सिलीनं त्याचा चेहरा काढायचा, खराखुरा, जीव ओतून. त्यात पहिला येईल त्याला आमचे रेंदाळकर सर मुंबईच्या कॉलेजसाठी शिफारसपत्र द्यायचे आणि त्यांच्या पत्राला तिकडं मान होता. आत्ती दादांना म्हणाली, “पोरगी पहिली आली तर मुंबई. न्हाई आली तर हुपरी, आणि हळद मी माझ्या हातानं दळून देतो. माझा शब्द हाय.”

दादांनी आत्तीचा शब्द कधी मोडला नव्हता. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. ही विधवा बहीण माहेरी आली आणि त्यांचा विस्कटलेला संसार तिनंच सावरला. ते मान खाली घालून म्हणाले, बघू या. म्हणजे कबूल.

मग बसायला माणूस कुठनं आणायचा हा प्रश्न आला. कोल्हापूरला कुणाला बसवायचं तर वेळ जुळेना. आत्ती म्हणाली, मी हाय की. असं ते सुरू झालं. संक्रांत होऊन चार दिवस झाले असतील.

आता रेंदाळकर सरांबद्दल सांगायला हवं. माणूस बारीक, आवाज त्याहून बारीक, पण शिकवणं कडक. पहिले तीन महिने त्यांनी आम्हाला वस्तूच काढू दिली नव्हती. नुसती टोनची पट्टी. नऊ चौकोन आखायचे. पहिला कागदाचा पांढरा, नववा सिक्स बी पेन्सिल जेवढा काळा करू शकेल तेवढा, आणि मधले सात असे चढत जायला हवेत की कुठं पायरी चुकता कामा नये. बोटानं घासायचं नाही. घासलेलं दिसलं की सर कागद उलटा करून ठेवायचे आणि पुढं निघून जायचे, एक शब्द न बोलता. मी त्या पट्ट्यांचे किती कागद घालवले देवाला ठाऊक. पण तीन महिन्यांनी मला भिंत दिसली की तिचा नंबर दिसायला लागला. एसटीतल्या बाईच्या मानेखाली सहा, दंडावर चार. सर म्हणायचे, डोळे बारीक करून बघा. उघड्या डोळ्यांना माणूस दिसतो, बारीक डोळ्यांना टोन दिसतो.

दुसरा त्यांचा नियम उजेडाचा. महिना-दीड महिना चालणारं चित्र असेल तर उजेड रोज थोडा-थोडा बदलणार, ऊन सरकणार, ढग येणार. त्याच्यामागं धावायचं नाही. पहिल्या दिवशी उजेड ठरवायचा, एका छोट्या कागदावर चेहऱ्याचे नंबर टाकून ठेवायचे आणि शेवटपर्यंत तेच पाळायचे. आज गाल उजळ दिसला म्हणून उजळ केला, उद्या काळा दिसला म्हणून काळा केला, तर त्या चित्राची खिचडी होते. नियम बरोबरच आहे. मी पुढं स्वतः शाळेत शिकवला तेव्हा असाच शिकवला.

त्याप्रमाणे पहिल्या दिवशी मी नंबर टाकले. कपाळ दोन. गालाचं हाड एक. हाडाखालचा खळगा सात. जबड्याखाली आठ. नाकाची सावली वरच्या ओठाच्या उजव्या टोकापासून जरा अलीकडं थांबत होती, तिथं एक टिंब. फरशीवर खुर्चीच्या पायांभोवती खडूनं गोल काढले. आत्ती दुसऱ्या दिवसापासून फरशी पुसताना ते चार गोल सोडून बाकीचं पुसायला लागली.

रोज चार ते पाच. शेडमधनं यायची, डोक्यावरची कापसाची पिंजर झटकायची, तोंड धुवायची आणि खुर्चीवर बसायची. पहिले दोन-तीन दिवस लाजत होती, मग तिला ते आवडायला लागलं. मगदुमांच्या वैनीला सांगताना मी ऐकलं, आमच्या पमीमुळं मला रोज एक तास बसायला मिळतं, राणीवानी. अडचण एकच होती. आत्तीला गप्प बसता येत नसे. शेडमध्ये मशीनचा असा गलबला की दिवसभर कुणाशी बोलता यायचं नाही, त्यामुळं घरी आली की साठलेलं सगळं बाहेर पडायचं. कुणाची सून माहेरी गेली, मुकादम कुणाला काय म्हणाला, कुणाच्या डब्यात काय होतं. बोलताना गाल हलायचा, ओठ हलायचे, हात हवेत. मी खेकसायचे. “आत्ती, तोंड.” की ती ओठ घट्ट मिटून डोळे मोठे करायची. दोन मिनिटांनी परत सुरू. मग परत मी, “आत्ती, तोंड.” दहा दिवसांत मी तिला गप्प बसायला शिकवलं. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू.

चित्र चांगलं होत होतं. मला कळत होतं ते. खास करून तो खळगा. सात नंबर मी टू बीनं थर-थर चढवत नेला होता, एकावर एक रेघा, कुठं घासलेलं नाही. त्या एका जागेत आत्तीची सगळी उभी राहिलेली वर्षं आली होती. बक्षीस मला त्या खळग्यावर मिळणार होतं.

बारा-तेरा दिवस झाले असतील. मी डोळे बारीक करून बघितलं तर खळगा सहा. मी कागदावर बघितलं, सात. परत आत्तीकडं बघितलं, सहा. मला वाटलं ढग असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. चार दिवसांनी पाच वाटायला लागला. मी चिडले. आत्ती मिश्री लावायची, तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड, दिवसातनं चारदा तरी दाताला घासायची. मला वाटलं गालात धरून बसली असेल.

“मिश्री थुंकून ये जा. गाल फुगतोय.”

“न्हाई गं लावली.”

“मग काय आहे तोंडात?”

ती मोरीत गेली, चूळ भरली, परत येऊन बसली. गाल तसाच.

दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं. गालाखालची सावली फिकट पडत चाललीय म्हटलं. सरांनी वर न बघता सांगितलं, उत्तरायण सुरू झालंय, उजेड सरकला असेल, पहिल्या दिवसाच्या खुणा पाळ. मला बरं वाटलं. चूक माझ्या हातात नव्हती, आत्तीच्या गालातही नव्हती, सूर्याची होती.

गल्लीतल्या बायकांनाही दिसलं होतं. पण त्यांना वेगळंच दिसलं. मगदुमांची वैनी म्हणाली, हौसाक्का, गालं वर आलीत की तुझी, बसून खाल्लेलं मानवलं. आत्ती हसली. आयुष्यभर जिला सगळ्यांनी वाळलेली म्हटलं, तिला ते ऐकून बरं वाटलं असणार. त्याच आठवड्यात ती भाकरी दुधात कुस्करून खायला लागली. दादांनी विचारलं तर म्हणाली दाढ दुखतीया. दादांनी लवंग आणून दिली. लवंग गालात धरून ती शेडमध्ये जायची. मला तर ते बरंच झालं. सगळ्याचं उत्तर मिळालं. दाढेनं गाल सुजलाय, दाढ उतरली की खळगा परत येईल, तोपर्यंत आपल्याकडं पहिल्या दिवसाच्या खुणा आहेतच.

आता जे सांगायचंय ते मी दादांना कधी सांगितलं नाही.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. शुक्रवार असावा, कारण आठवड्याच्या बाजाराचा गलका बोळातनं येत होता. मी नाक पुरं करायला घेतलं होतं. नाकाची सावली बघितली आणि तपासायला म्हणून पहिल्या दिवसाचा छोटा कागद घेतला. टिंब होतं तिथंच सावली होती. अगदी तिथंच, सूतभरही इकडंतिकडं नाही. मी परत बघितलं. जबड्याखालचा आठ, आठच. कपाळ दोन, दोनच.

उजेड सरकला तर सगळ्या सावल्या सरकतात. एक सरकली आणि दुसरी जाग्यावर राहिली असं होत नाही. हे मला पट्टी शिकतानाच पाठ झालं होतं. नाकाची सावली जर खुणेवर असेल तर उजेड हलला नव्हता. आत्तीचा चेहरा हलला होता. खळगा होता तिथं आता उंचवटा होता, आणि त्याला स्वतःचा असा एक उजळ ठिपका आला होता वर, आणि खाली एक चिमटीएवढी सावली, जी पहिल्या दिवशी नव्हतीच. दाढेची सूज अशी नसते. ती पसरट असते, हिची कड दिसत होती. मी ते सगळं बघितलं. डोळे बारीक करून, नंबरासकट.

नेमकी तेव्हाच आत्ती बोलली. कितीतरी दिवसांनी, बसलेली असताना.

“पमे, हितं आतनं...”

“आत्ती, तोंड.”

“अगं, जीभ लावली की हाताला, म्हंजे जिभंला...”

“बोलू नको म्हटलं ना. नाक चाललंय. नंतर सांग.”

तिनं ओठ मिटले. डोळे मात्र माझ्याकडं लावून ठेवले, नेहमी खिडकीकडं असायचे ते. मी नाक पुरं केलं. पाच वाजले, ती उठली, पिंपातनं पाणी घेतलं, पीठ मळायला बसली. मी चित्रावर पातळ कागद घालून ते माझ्या चित्रं काढायच्या पाटाखाली ठेवलं. नंतर काय सांगायचं होतं ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. विसरले म्हणते मी. पण विसरले नव्हते. विचारलं असतं तर दादा तिला दवाखान्यात नेणार, खुर्ची रिकामी होणार, आणि प्रदर्शनाला अठरा दिवस राहिले होते.

शेवटच्या आठवड्यात मी खळग्याकडं बघणंच सोडलं. समोर जे होतं त्याच्याकडं पाठ करून म्हणा ना, मी छोट्या कागदावरनं तो पुरा केला. शेवटी सिक्स बीनं एक हलका थर वरनं दिला, सातचा जवळजवळ आठ केला. तसा खळगा आत्तीला पहिल्या दिवशीसुद्धा नव्हता.

प्रदर्शनात मी पहिली आले. सरांनी सगळ्या वर्गाला माझ्या चित्रासमोर उभं केलं आणि बोट न लावता त्या खळग्याकडं बोट दाखवलं. एवढंच म्हणाले, हे बघून काढलंय. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं. मी मान खाली घातली, सगळ्यांना वाटलं लाजली.

दादा आणि आत्ती दोघंही आले होते. आत्ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती, आणि डाव्या बाजूचा पदर तिनं दातात धरला होता, देवळात जाताना धरतात तसा. एक-दोघांनी विचारलं, ह्याच का त्या? तिनं नुसती मान हलवली. चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. दादा म्हणाले, “हौसे, हुबेहूब की गं.” तिनं हात वर केला, चित्रातल्या गालाजवळ नेला, मग काच आहे हे लक्षात येऊन खाली घेतला.

परतीच्या एसटीत वाऱ्यानं तिचा पदर उडाला. दादा शेजारी बसले होते. त्यांनी बघितलं. मी मागच्या सीटवर होते, मला त्यांची मान वळलेली दिसली आणि तशीच राहिलेली दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मिरजेला. आमच्याकडं काही मोठं दुखणं झालं की मिरज. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं आत्तीला तोंड उघडायला सांगितलं. आत्तीचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. बॅटरी लावून तिनं आत बघितलं, बाहेरनं गाल चाचपला, मानेखाली बोटं फिरवली. मग हात धुतले आणि कागद पुढं ओढला.

“कधीपासून आहे हे?”

दादांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या बघण्यात काही नव्हतं, राग नाही की संशय नाही. “पमे, तू सांग. तूच रोज समोर बसून बघत होतीस.”

मला तारीख ठाऊक होती. सात कधी सहा झाला ते मला दिवसासकट सांगता आलं असतं. सहाचा पाच, पाचाचा चार. जगात दुसऱ्या कुठल्या पेशंटच्या माणसाला इतकं नेमकं ठाऊक नसेल.

“पंधरा दिवस झाले असतील,” मी म्हटलं.

डॉक्टरीण लिहिता-लिहिता थांबली. “पंधरा दिवसांत एवढं?” तिनं मला विचारलं नाही, आत्तीला विचारलं.

आत्तीनं पदर नीट केला. माझ्याकडं बघितलंही नाही. “व्हय,” ती म्हणाली. “पंधराच दिस. त्याआधी काय न्हवतं. पोरीला दिसलं असतं तर तिनं लगीच सांगितलं असतं.”

डॉक्टरिणीनं पंधरा दिवस असं लिहिलं. मग दादांना बाजूला घेऊन सांगितलं, की हे गालातनं हाडापर्यंत गेलंय, मोठं ऑपरेशन करावं लागेल. जरा आधी कळलं असतं तर गालातला तुकडा काढून भागलं असतं. दादा म्हणाले, पण पंधराच दिवस झाले की ओ. तिनं ऑपरेशनचा कागद त्यांच्या हातात दिला.

कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी दादांना भ्याले. त्यांनी मुंबई बंद केली असती म्हणून मी तसं बोलले. तेही खरंच आहे. पण त्या टेबलासमोर माझ्या मनात पहिल्यांदा दादा आले नव्हते, चित्र आलं होतं. मी खरं बोलले तर ते चित्र खोटं ठरणार होतं, आणि ते आदल्या दिवशीच पहिलं आलं होतं. एवढी मी हलकट होते तेव्हा. लाज वाटते लिहिताना, पण आहे हे असं आहे.

ऑपरेशन झालं. डावा गाल आणि खालच्या जबड्याचं हाड काढलं, छातीची कातडी आणून तिथं लावली. मग किरणांचा शेक. उन्हाळा सगळा मिरज-इचलकरंजीत गेला. हुपरीचा विषय दादांनी परत काढला नाही. जूनमध्ये मुंबईचं पत्र आलं तेव्हा मी म्हटलं, मी जात नाही. आत्तीला तेव्हा बोलता येत नव्हतं. तिनं माझी पत्र्याची ट्रंक ओढत आणून माझ्यासमोर ठेवली आणि झाकण उघडलं. मी गेले.

घरी मात्र ते चित्र दादांनी भिंतीवर लावलं होतं. येणारा-जाणारा म्हणायचा, बरं झालं बाई, दुखण्याच्या आधी काढून ठेवलंस, चांगला चेहरा राहिला. दादा डोळे पुसायचे. मी हो म्हणायचे, आणि चहा ठेवायच्या निमित्तानं आत जायचे.

आत्ती त्या वर्षी डिसेंबरात गेली. परत उद्भवलं, मानेत. पण शेवटचं मला जे आठवतं ते त्याच्या आधीचं आहे, दिवाळीच्या सुट्टीतलं.

मुंबईहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घराबाहेर बघते तर आत्ती अंगणात खुर्चीवर बसलेली. खुर्ची तिनंच मगदुमांकडनं मागून आणली होती. या वेळी मागं रेलून बसली होती, ऐटीत. जवळ माझा पाट, पेन्सिलींचा डबा, सगळं तिनं आणून ठेवलं होतं.

“पमे, काढ की माझं,” ती म्हणाली. “आता हाय तसं.”

तिचं बोलणं आता परक्या माणसाला कळायचं नाही. ओठ एका बाजूला ओढलेला, शब्द ओले होऊन यायचे, बोलताना हनुवटीखाली रुमाल धरावा लागायचा. मला कळायचं.

मी म्हटलं, आत्ती, सहा महिने होऊ देत, सूज उतरू दे, मग काढू.

“आता काढ. आता मी मधी मधी बोलणार न्हाई.” आणि हसली. हसू एकाच बाजूला आलं.

ती मला टोमणा मारत नव्हती. माझं काम सोपं करत होती, एवढंच. नाही म्हणायला तोंड कुठं होतं मला. मी पाटावर कागद लावला, आणि घरातनं स्टूल आणून तिच्या उजव्या हाताला ठेवलं. त्या बाजूनं ती पूर्वीसारखी दिसायची. मुंबईत चार महिन्यांत मी कसली-कसली माणसं काढली होती, वाळलेली, वाकलेली, एका डोळ्याची. कधी हात अडला नव्हता. आत्तीच्या डाव्या बाजूला जाऊन बसायला मात्र माझे पाय उचलेनात. तिथं मी केलेलं होतं सगळं. ते नंबर लावत बघत बसायचं, तासभर, माझ्यानं होणार नव्हतं.

तिच्या लक्षात आलं. तिनं रुमाल खाली घेतला आणि डाव्या बाजूला हात लावून म्हणाली, “हिकडनं ये की. ही बाजू बघ. मी आरशात रोज बघतो, काय होत न्हाई.”

मी पेन्सिलीला टोक करत राहिले. टोक होतं आधीच.

“तिकडनं उजेड नाही गं, आत्ती,” मी म्हटलं.

उजेडातलं मला कळतं, हे तिनं पहिल्या दिवसापासून धरलं होतं, त्यावर ती कधी वाद घालत नसे. “बरं,” म्हणाली. पदर कानामागं घेतला, मी सांगितलं तशी मान वळवली, आणि एक शब्द न बोलता तासभर बसून राहिली.

ऊन कधीच उतरलं होतं. आम्ही उघड्या अंगणात होतो, आणि उजेड दोन्ही बाजूंना सारखा होता.